मूर्ती पोकळ असते: बुद्धमूर्तीत धारणी भरण्याची आणि रबनेची तयारी

नेपाळातल्या पाटणहून आणलेली शाक्यमुनींची मूर्ती आईने दोन्ही हातांत धरून हलवली, तळाकडून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "रिकामी आहे रे ही. फसवलं तुला."

फसवलं नव्हतं. नेपाळ-तिबेटकडच्या धातूच्या मूर्ती पोकळच ओततात, कारण ती पोकळी भरायची असते. आत धारणींच्या, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या संस्कृत मंत्रपाठांच्या, कागदी गुंडाळ्या, मधोमध एक लाकडी दांडी, सुगंधी चूर्ण, पवित्र ठिकाणची माती घालतात. या भरावाला तिबेटीत 'झुंग' म्हणतात. झुंग म्हणजे आपल्याकडची 'धारणी'. भरून तळ बंद केला की लामा जो विधी करतात तो 'रबने', म्हणजे प्रतिष्ठा.

मी हे दोनदा केलं. पहिल्यांदा पुण्यात, जुलै महिन्यात, एकट्याने आणि घाईत. सगळं बाहेर काढावं लागलं. दुसऱ्यांदा डिसेंबरमध्ये, आईला हाताशी धरून आणि कर्नाटकातल्या मुंडगोडच्या मठातल्या एका गेशे-लांना (गेशे म्हणजे शास्त्र शिकलेले तिबेटी भिक्षू) आधी विचारून. खाली लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेचं. विधी लामांचा असतो, तो मी शिकवू शकत नाही. पण कागद रंगवणं, कापणं, वळणं, वाळवणं ही हमाली आपली असते, आणि घोळ सगळे तिथेच होतात.

आधी एक शंका मिटवून घेऊ

आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा आहेत. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ही प्राणप्रतिष्ठाच झाली ना? मग आपण काय सोडून आलो?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाऊ नका.

भरण्याच्या भागाबद्दल माझ्या मनात शंका नाही. आत जातो तो मजकूर. त्यातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ 'ये धर्मा हेतुप्रभवा' ही आहे: जे हेतूपासून उपजतं त्याचा हेतू तथागतांनी सांगितला, त्याचा निरोधही सांगितला. हा प्रतीत्यसमुत्पाद आहे, यात देव कुठे आला? पूर्वी स्तूपात अस्थिधातू (धातू म्हणजे इथे पवित्र अवशेष) ठेवत, पुढे या गाथेलाच धर्माचा धातू मानून तीही आत ठेवू लागले. ही चाल आपल्या मातीतलीही आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा 'बुरूड राजाचा कोट' उकरला, तेव्हा स्तूपाच्या गाभ्यातून दगडी पेटी निघाली. तिच्यात तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोनं असे एकात एक ठेवलेले करंडक होते, भोवती आठ लहान ब्राँझ बुद्धमूर्ती, आणि सगळ्यांत आत सोन्याच्या फुलांसोबत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. पोकळीत मोलाचं काही ठेवून ती कायमची मिटवायची, ही कल्पना तिबेटने शोधलेली नाही.

रबनेचं मात्र वेगळं आहे. त्यात ज्ञानसत्त्वाला, म्हणजे बुद्धांच्या ज्ञानरूपाला, आवाहन करून मूर्तीत स्थिर राहायची विनंती करतात. प्राणप्रतिष्ठेशी त्याचं साम्य आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी विहारातल्या भंतेंना बोलावून त्रिशरण-पंचशील आणि परित्राणपाठ करून मूर्ती बसवावी. थेरवादात, म्हणजे श्रीलंका-म्यानमारकडच्या परंपरेत, रिकामी मूर्ती अपुरी मानत नाहीत. मी रबने करून घेतलं. काकांनी घेतलं नसतं. आम्ही दोघं अजून एका ताटात जेवतो.

लागणारं सामान

- छापील धारणींची पत्रकं (किती आणि कोणती, ते मूर्तीची उंची सांगून लामांकडून घ्या)
- खरं केशर, पसरट ताट, मऊ रुंद ब्रश, दोरी आणि चिमटे
- लोखंडी फूटपट्टी, कटर, नवा पोळपाट किंवा काच
- पाच रंगांचा दोरा: पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा
- पिवळं रेशमी किंवा सुती कापड
- चंदनाची किंवा जुनिपरची काडी, शेंदरी रंग, सोनेरी रंग, अगदी बारीक कुंचला
- जुनिपरचं (तिबेटी लोक 'शुक्पा' म्हणतात) आणि चंदनाचं कोरडं चूर्ण
- तोंडाला मास्क, स्वच्छ चादर, दोन उशा
- तळासाठी तांब्याचा पत्रा
- खतग, म्हणजे पांढरं रेशमी उपरणं

कागदपत्रं: मूर्तीचं बिल, नेपाळहून आणत असाल तर तिथल्या पुरातत्त्व विभागाचा दाखला, आणि चंदन घेतलं असेल तर त्याची पावती.

१. मूर्ती घेतानाच तळ बघा

पाटणमध्ये महाबौद्ध आणि ओकुबहाल भागात गल्लोगल्ली मूर्तिकार आहेत, बहुतेक शाक्य घराण्यांतले. मेणाची मूर्ती करायची, तिला मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी तांबं ओतायचं, ही त्यांची पिढीजात रीत. दुकानात चेहऱ्याकडे बघून आपण भाळतो. चेहरा बघाच, पण मूर्ती आडवी करून तळही बघा. तळ उघडा हवा, बोट आत घालून बघा, आणि पोकळी डोक्यापर्यंत जाते का ते विचारा. काही मूर्तींत मान भरीव असते, मग दांडी छातीशीच अडते.

बाजारातल्या लहान पितळी मूर्ती बहुधा भरीव असतात. त्या भरता येत नाहीत, रबने मात्र होऊ शकतं. भरीव मूर्तीला ड्रिलने भोक पाडायचा उद्योग करू नका. मला एकाने सुचवला होता.

दाखल्याचा विषय गंभीरपणे घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू नेपाळबाहेर नेता येत नाही, आणि तुमची मूर्ती नवी आहे हे विमानतळावर त्या दाखल्यावरूनच कळतं. दुकानदार बहुधा तो स्वतःच आणून देतात, पण पैसे देण्याआधी तसं ठरवून घ्या. आणि मूर्ती रिकामीच आणा. आत चूर्ण ठासलेली, तळ ठोकून बंद केलेली धातूची वस्तू स्कॅनरखाली गेली की तुम्हाला बाजूला घेणारच. 'उघडून दाखवा' म्हणाले तर काय करणार?

सोनेरी चेहऱ्याबद्दल एक सूचना. अंगावर पाऱ्याने चढवलेला सोन्याचा मुलामा असला तरी चेहऱ्यावर बहुधा वरून सोन्याचा रंग लावलेला असतो. तो ओल्या फडक्याने निघतो. पुढच्या सगळ्या कामात चेहरा मऊ कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा.

२. लामांना आधी विचारा, नंतर नाही

मी पहिल्या खेपेला सगळं भरून मग फोन केला. गेशे-ला शांतपणे म्हणाले, "कुठे काय घातलंत?" मला सांगता येईना.

गेलुग, साक्य, काग्यू, न्यिंग्मा या तिबेटी परंपरांत आतल्या मांडणीत फरक असतात. कोणती धारणी डोक्यात, कोणती कंठात, कोणती हृदयाशी, कोणती आसनात, हे ज्यांच्या हातून रबने व्हायचं आहे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी पाच मोठ्या धारणी ठरलेल्या असतात: उष्णीषविजया, विमलोष्णीष, गुह्यधातु, बोधिगर्भालंकारलक्ष आणि प्रतीत्यसमुत्पादहृदय. शिवाय ज्यांची मूर्ती त्यांचा मंत्र. शाक्यमुनींचा 'ॐ मुने मुने महामुनये स्वाहा'. नावं वाचून बघा, सगळं संस्कृत आहे. तिबेटी लिपीत छापलेलं असतं म्हणून आपल्याला परकं वाटतं.

कुठे जायचं? मोठे मठ कर्नाटकात मुंडगोड आणि बैलकुप्प्याला आहेत. पुण्या-मुंबईहून हुबळीला उतरलं की मुंडगोड जवळ पडतं. विदर्भातल्या लोकांना हे माहीत नसतं, पण गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला गोठणगावात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. आधी तिथे चौकशी करा. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना मुंडगोड-बैलकुप्प्यात मुक्कामासाठी आधी परवाना काढावा लागतो, त्याला वेळ लागतो. भारतीय पासपोर्टवर हा प्रश्न नाही.

"फी किती?" असं विचारू नका. खतग आणि पाकीट एकत्र, दोन्ही हातांनी द्यायचं. आकडा कोणी सांगणार नाही.

३. आतून साफ करणं

ओतकामात आत मातीचा गाभा असतो, आणि तो पूर्ण निघालेला नसतो. माझ्या मूर्तीतून वाटीभर भाजलेली काळपट-लाल माती निघाली. ती तशीच राहिली तर पुढे सुटत राहते आणि मूर्ती हलवली की खरखर वाजते. लांब दांडीच्या ब्रशने खरवडा, उलटी करून झटका, पुन्हा खरवडा. कोपर आणि गुडघ्यांच्या खोबणीत सगळ्यांत जास्त अडकलेली असते.

पाणी वापरलंत तर दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग शुक्पाचा धूर आत जाऊ द्या. तेल लावून पुसू नका. आपल्याकडे पितळेला लिंबू-चिंच लावायची सवय हातात मुरलेली असते, इथे ती आवरा.

४. छपाई आणि केशर

पत्रकं लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्सवर छापा. इंकजेटवर नाही. केशराचं पाणी लागलं की इंकजेटची शाई पसरते, आणि आख्खी उष्णीषविजया निळ्या ढगात जाते. माझी गेली. कागद पातळ घ्या, जाड कागदाच्या गुंडाळ्या फुगतात आणि मावत नाहीत.

छापल्यावर प्रत्येक पानाच्या वरच्या कडेला लाल रेघ ओढा. हे आत्ताच करा. एकदा पट्ट्या कापल्या की तिबेटी वाचता न येणाऱ्या माणसाला वर कुठे नि खाली कुठे कळत नाही, आणि धारणी आत डोक्यावर उभी राहणं ही या कामातली सगळ्यांत मोठी चूक समजतात.

केशर गरम पाण्यात तासभर भिजवा, गाळा, थंड करा. खरं केशर पाण्याला हळूहळू पिवळं करतं आणि काडीचा लाल रंग टिकून राहतो. टाकल्या टाकल्या पाणी लालभडक झालं आणि काडी फिकी पडली, तर ते केशर नाही, दुकानदाराला परत करा. ब्रशने हलका हात द्या, बुडवू नका. सावलीत दोरीवर वाळवा.

आता माझ्या जुलैबद्दल. पानं हाताला कोरडी लागली म्हणून मी वळायला घेतली. पुण्याच्या पावसाळी हवेत कागद वरून कोरडा आणि आतून दमट असतो. तीन आठवड्यांनी तळ उघडला तेव्हा वास आला, आणि पिवळ्या कापडावर राखाडी बुरशीचे ठिपके. तोवर रबने झालं नव्हतं, म्हणून उघडता तरी आलं. पावसाळ्यात हे काम काढूच नका. कोकणात, गोव्यात असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच दिवस धरा. वाळलेली पानं उन्हात तासभर तापवून, पुन्हा थंड करून मगच वळा.

५. गुंडाळ्या वळणं

इथे आईने मला मागे टाकलं. लग्नाआधी भंडाऱ्याला तिने तेंदूच्या पानांच्या विड्या वळल्या होत्या. पट्टी पोळपाटावर ठेवायची, कड नखाने दुमडायची, अंगठ्यांनी पहिला वेढा घट्ट बसवायचा आणि मग तळहाताने एका दमात पुढे लोटायचं. पहिला वेढा सैल राहिला तर पुढे कितीही ओढा, मधे बोगदा राहतोच. माझ्या गुंडाळ्यांतून पलीकडचं दिसत होतं. तिच्या गुंडाळीत सुई जात नव्हती. "आयुष्यात पहिल्यांदा तंबाखूशिवाय वळली," म्हणाली.

वळण्याआधी पानं ओळींच्या लगत कापा, समास ठेवू नका. पट्ट्या मजकुराच्या क्रमाने एकाला एक जोडून लांब करतात. जोडायला गव्हाची खळ पुरते, प्राण्यांच्या हाडांचा सरस वापरू नका. मजकुराच्या सुरुवातीकडून वळायचं की शेवटाकडून, अक्षरं आत की बाहेर, याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. लामांनी सांगितलेली एक धरा आणि सगळ्या गुंडाळ्यांना तीच वापरा.

वळताना पाळायचं थोडं आहे, पण ते पाळा. त्या दिवशी मांसाहार, दारू, कांदा-लसूण नाही. जमलं तर अष्टशील घ्या, उपोसथाला घेतो तसंच. अंघोळ करून बसा, मास्क लावा. पत्रकं जमिनीवर ठेवू नका, ओलांडू नका. पान उलटायला बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर आधीच सावध व्हा, मला आईने तीनदा टोकलं. कापलेल्या कडा कचऱ्यात न टाकता स्वच्छ जागी जाळा.

प्रत्येक गुंडाळीला पाचरंगी दोरा, वर पिवळं कापड, आणि कापडावर पुन्हा लाल टोकाची खूण. ही शेवटची खूण विसरलात तर कापडाखालची रेघ दिसणार नाही आणि सगळं पुन्हा सोडावं लागेल.

'ये धर्मा'ची एक पट्टी मी स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहिली. चालेल का विचारलं तर गेशे-ला हसले, म्हणाले, संस्कृतच आहे, तुम्हालाच वाचता येतं.

६. दांडी: सोगशिंग

'सोगशिंग' म्हणजे जीवनवृक्ष. मूर्तीच्या मधोमध, आसनापासून मस्तकापर्यंत उभी राहणारी लाकडी दांडी. चंदन किंवा जुनिपर उत्तम. काटेरी आणि विषारी झाडं वर्ज्य. चंदन सरकारी विक्रीकेंद्रातून पावती घेऊनच घ्या, वाटेत कोणी पिशवीतून काढून दाखवलं तर तिथून निघा.

अडचण अशी की दांडी झाडात जशी उभी होती तशीच मूर्तीत उभी राहायला हवी, बुंध्याकडचं टोक खाली आणि शेंड्याकडचं वर. दुकानातल्या रंधलेल्या चौकोनी काडीला कोण सांगणार कुठलं टोक कुठलं? फांदीचाच तुकडा मिळाला तर सोपं आहे, डहाळी फुटल्याची गाठ वरच्या दिशेला कललेली असते. नाहीतर महाउम्मग्ग जातकातली युक्ती करा. राजाने खैराचा सारखा तासलेला दांडा देऊन बुंधा ओळखायला सांगितलं, तेव्हा बाल महोसधाने मध्यावर दोरी बांधून तो पाण्यात सोडला. बुंध्याकडचं जड टोक आधी बुडालं. मी बादलीत करून पाहिलं. चंदनाची काडी लहान असल्याने फरक केसभर होता, पण होता.

आतली उंची तारेने मोजा आणि दांडी त्याहून थोडी आखूड ठेवा. चौकोनी तासून वर निमुळती करतात. मोठ्या मूर्तीसाठी वरचं टोक स्तूपासारखं आणि खालचं अर्ध्या वज्रासारखं कोरतात, एक फुटाच्या मूर्तीला नुसता निमुळतेपणा पुरतो. शेंदरी रंग द्या, वाळू द्या. मग दांडी मूर्तीच्या बाहेर शेजारी उभी धरून कपाळ, कंठ आणि हृदय यांच्या उंचीवर पेन्सिलने खुणा करा, आणि तिथे सोनेरी रंगाने ॐ, आः, हूँ लिहा. अक्षरं मूर्तीच्या समोरच्या दिशेला आली पाहिजेत. म्हणून दांडीच्या तळाला 'पुढे' अशी खूण करून ठेवा.

हृदयाच्या उंचीवर मोलाचं जे असेल ते बांधतात. आम्ही बोधगयेला महाविहाराच्या आवारात खाली पडलेलं पिंपळपान आणि सारनाथची चिमूटभर माती बांधली. पान तोडू नका, गळलेलं उचला. आणि इंटरनेटवर विकत मिळणाऱ्या 'खऱ्या बुद्धधातूं'च्या नादाला लागू नका. धातू विकायला काढत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

७. भरणं

उशा मांडून वर चादर, त्यावर मूर्ती डोकं खाली करून तिरकी टेकवा. एकाने धरायची, दुसऱ्याने भरायची. एकट्याने करू नका.

आता नीट वाचा, कारण मी इथेच गडबडलो. मूर्ती उलटी आहे. भरून झाल्यावर ती सरळ होणार. म्हणजे आत्ता प्रत्येक गुंडाळी लाल टोक आधी आत जायला हवी. डोळ्यांना ती उलटी दिसते आणि मन म्हणतं फिरव. फिरवू नका. मी पहिल्या आठ फिरवल्या आणि परत काढल्या.

क्रम असा: आधी डोक्यातलं, मग दांडी (तळाची 'पुढे' खूण पायांच्या बाजूला), मग दांडीभोवती कंठ, छाती, पोट. दंड अरुंद असतात, तिथे काडीएवढ्या बारीक गुंडाळ्या. गुंडाळ्या उभ्याच, आडव्या कोंबू नका. प्रत्येक थरानंतर मधल्या फटींत चूर्ण सोडा आणि लाकडी काडीने हलकेच दाबा. आसनात शेवटी यक्ष-यक्षिणींची चक्रं, म्हणजे छापील गोल यंत्रं, जातात, त्यांची दिशा लामांना दाखवूनच ठेवा.

आत काय नको: कापूर नको, तो उडून जातो आणि जागा रिकामी राहते. ओली हळद-कुंकू लावलेल्या अक्षता नकोत. धान्य घालायचं असेल तर पूर्ण वाळलेलं आणि बंद पुडीत, नाहीतर कीड लागते. अगरबत्तीचा चुरा नको, त्यात कोळसा आणि तेल असतं.

भरून झालं की मूर्ती उभी करा, कानाशी धरा आणि हलवा. काहीही वाजता कामा नये. वाजलं तर पोकळी आहे, पुन्हा उघडा. आम्ही दोनदा उघडली. तिसऱ्यांदा आईने हलवली आणि नुसती मान डोलावली.

८. तळ

तांब्याचा पत्रा तळाच्या आकाराला कापून त्यावर विश्ववज्र कोरतात, म्हणजे एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन वज्रं. पत्रा बसवून मूर्तीची कड छिन्नीने आत वळवतात. हे स्वतः करू नका. पाटणच्या मूर्तिकाराकडून पत्रा आधीच कोरून आणा आणि इथे एखाद्या तांबटाकडून कड वळवून घ्या. ठोकताना चेहरा उशीत रुतलेला असतो, म्हणून कापड दुहेरी गुंडाळा. एम-सील किंवा सिलिकॉन वापरलेलं मी पाहिलं आहे. ते चालतं, पण दिसायला फार वाईट दिसतं.

९. रबने

लहान स्वरूपात तासाभरात होतं, मोठ्या मठांत काही दिवस चालतं. तुम्ही फक्त बसायचं. तरी काय चाललंय ते कळलं तर बरं.

आधी शुद्धीकरण. मग ज्ञानसत्त्वाला आवाहन आणि मूर्तीशी (तिला समयसत्त्व म्हणतात) एकरूप होण्याची विनंती. मग डोळे उघडणं: लामा बारीक सळई डोळ्यांपुढे धरतात. (श्रीलंकेत याच कामाला नेत्रमंगल म्हणतात, तिथे कारागीर मूर्तीकडे पाठ करून आरशात बघत डोळ्यांत रंग भरतो.) मग स्नान. मला सगळ्यांत आवडलेला भाग हाच. मूर्तीवर पाणी ओतत नाहीत. समोर गोल आरसा धरतात, त्यात मूर्तीचं प्रतिबिंब पडतं, आणि केशराचं पाणी त्या प्रतिबिंबावर ओततात. सोन्याच्या चेहऱ्यावरून पिवळं पाणी ओघळताना दिसतं आणि मूर्ती कोरडी राहते. आई पुढे सरकून बघत होती.

शेवटी 'ये धर्मा' म्हणत फुलं आणि जव उधळतात. हा भाग तुम्हालाही म्हणता येतो, पाठ करून जा.

१०. नंतर

तळ आता उघडायचा नाही. काही बिघडलं, कड सुटली, तर आधी लामांकडून ज्ञानसत्त्वाला आरशात थांबण्याची विनंती करवून घ्यायची, मगच उघडायचं. जुनी बंद मूर्ती वारशात आली असेल तर कुतूहलापोटी खोलू नका. चोर आणि दलाल आत सोनं असेल म्हणून तळ फोडतात, त्यामुळे बाजारातल्या कितीतरी जुन्या मूर्ती आज पोकळ आहेत. उलट जपानमध्ये क्योतोच्या सेइर्योजी मंदिरातली ९८५ सालची शाक्यमुनींची मूर्ती १९५४ मध्ये उघडली, तेव्हा आत रेशमाची शिवलेली आतडी, काळीज, फुफ्फुसं निघाली. हजारएक वर्षं ती आत होती.

धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका. समोर पाण्याच्या वाट्या ठेवत असाल तर मूर्तीपासून हातभर दूर ठेवा. घर बदलताना मूर्ती ट्रकमध्ये टाकू नका. मुंडगोडहून परतताना आम्ही हुबळीला गाडी पकडली तेव्हा आईने ती रात्रभर मांडीवर धरली होती. पहाटे टीसीने विचारलं, "आजी, काय आहे त्यात?" आई म्हणाली, "कागद आहेत."